कोरा नमुना

देवपुरात दुपारी तीनला यंत्रालाही धाप लागते.
मे महिना, चव्वेचाळीस.
पंप दाब धरत नाही, द्रावणात बुडबुडे,
आणि उखर्डू आप्पा ओला टॉवेल
बाटल्यांभोवती गुंडाळतात,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

रक्त माझ्या टेबलावर येते तेव्हा लाल नसते.
पेशी खाली बसवून आलेले,
डाळीवरच्या पाण्यासारखे फिकट पिवळे.
चार थेंब पुरतात.
ॲसिटोनायट्राइल ओतले की प्रथिने बिचकून गोळा होतात,
सेंट्रीफ्यूज त्यांना तळाशी दाबून ठेवते,
वरचे निवळ तेवढे सुईत. वीस मायक्रोलिटर.

पुढे पंचवीस सेंटिमीटरची पोलादी नळी.
नव्या मुलींना मी सांगते, शिंदखेड्याचा बाजार समजा.
सगळे एका तोंडाने आत शिरतात.
ज्यांना काही घ्यायचे नाही ते सरळ बाहेर.
ज्यांची ओळखपाळख फार
ते दर पालापाशी थांबतात, भाव विचारतात, परत वळतात.
फेनिटॉइनला सहा मिनिटे बारा सेकंद लागतात.
आज, उद्या, दिवाळीला, कधीही.
एकीने विचारले, जो बाहेरच येत नाही त्याचे काय?
मी म्हटले, त्याला रात्रभर मिथेनॉलने धुऊन काढायचे.

मोजण्याआधी कोरा नमुना लागतो.
ज्याने गोळी कधी चाखली नाही अशाचा.
तिथे सहा-बाराला सपाट रेघ दिसली
तरच बाकीच्यांच्या शिखरांवर विश्वास ठेवायचा.

भिकन फिटच्या गोळ्या खायचा, तरी पडायचा.
विहिरीच्या काठावर एकदा, एकदा ट्रॅक्टरवरून.
सोबत बहीण आलेली, कोकिळा, एकोणीसची.
आप्पांनी विचारले, तुले काही दुखनं? तिने मान हलवली.
म्हटले, मग तुझे देतेस का थोडे?
तिने बाही वर केली. बांगड्या सरकवल्या.

आणि कोऱ्या नमुन्यात, सहा मिनिटे बारा सेकंदांवर,
रेघ उठली.

सुई धुतली. कुपी बदलली.
नुसते पाणी सोडले, रेघ झोपलेली.
पुन्हा कोकिळा, पुन्हा तेच टोक.
मग भिकनचे चालवले.
असायला हवे त्याच्या निम्मेही नाही,
आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवले
तर खिडकीच्या उजेडात एकच शिखर दिसले.

भिकन बाहेर लिंबाखाली बसला होता.
मी काही विचारलेच नाही, नुसता कागद धरला.
तो म्हणाला, "अर्धी मी खास, अर्धी तिले देस."
मग थोड्या वेळाने,
"तिनं लगन जमेल शे ताई. कोन्हले सांगू नका."

रजिस्टरात रकाना आहे: कोरा नमुना योग्य / अयोग्य.
मी अयोग्यवर खूण केली.
कारणाची जागा तशीच सोडली.
डॉक्टरांना फोन लावला, नाव घेतले नाही,
चिठ्ठ्या दोन लागतील एवढे बोलले.
डोस वाढवणार होते ते, थांबले.

जाण्याआधी कोकिळा आत आली.
"या कागदवर मनं नाव शे का?"
नाही, मी म्हटले, नुसता आकडा. सी-चार.
तिने टोकावर बोट ठेवले,
जरा उचलले, पुन्हा ठेवले.
"इतलुसंच?"
मला उत्तर सुचले नाही.
कापसाचा बोळा दंडाशी दाबून ती गेली.

आता नवा कोरा कुठून आणायचा?
आप्पांनी टॉवेल खुंटीला टाकला, बाही सारली.
"मनं ल्या. उखर्डूना रगतमा काय सापडी!"

सव्वापाचला रेघ निघाली.
सहा-बाराला सपाट, भुईसारखी.
तिसऱ्या मिनिटाला मात्र एक बारीक उंचवटा.
मी आप्पांकडे पाहिले.
ते कप विसळत होते.